हयात अध्यक्षांचा दहावा

एका जंगलात एक पाणवठा होता. पाणवठा होता म्हणून तिथे भांडणं होती, आणि भांडणं होती म्हणून एक सहकारी संस्थाही होती. नीट मांडी घालून बसा, मुलांनो. ज्यांचे वडील कुठल्या संस्थेवर अध्यक्षबिध्यक्ष असतील त्यांनी मागच्या रांगेत बसावं. गोष्ट सांगताना समोर कुणाची तोंडं वाकडी झाली की माझा सूर जातो.

तर संस्थेचं काम एकच होतं. कुणी कधी पाणी प्यायचं ते ठरवायचं. आधी चितळं, मग रानडुकरं, मग सांबरं, मग किरकोळ सभासद. वाघ सभासद नव्हता. तो पाण्यावर आला की सभा आपोआप तहकूब व्हायची, आणि इतिवृत्तात कारण लिहिलं जायचं, 'गणसंख्येअभावी'.

अध्यक्ष होते रंगराव गवा. एकतीस वर्षं तेच. पहिल्या वर्षी निवडून आले, पुढे कुणी निवडणूक लावलीच नाही. चितळांचा रानडुकरांवर विश्वास नव्हता, रानडुकरांचा चितळांवर नव्हता, आणि रंगराव दोघांपैकी कुणाचेच नव्हते. अंगानं आडदांड, बोलायला कमी. समोर कितीही आरडाओरडा झाला तरी आधी घसा खाकरायचे आणि मग म्हणायचे, "दोघांचंही म्हणणं रास्त आहे." एवढ्यावर निम्मी भांडणं मिटायची. उरलेली निम्मी त्यांच्या मागोमाग घरी यायची.

घरी म्हाळसाअक्का असायच्या. त्यांची बायको. गोष्ट खरी यांचीच आहे, तेव्हा यांच्यावर लक्ष ठेवा. रंगराव जांभळाच्या सावलीत रवंथ करायला बसले की कुणीतरी तक्रार घेऊन हजर व्हायचं. अक्का पुढे होऊन म्हणायच्या, अरे, त्यांना दोन घास तरी गिळू द्या. पण तोवर रंगराव उठलेले असायचे. अक्का कपाळाला हात लावायच्या. म्हणजे खूर लावायच्या. गव्याला हात नसतात, मला माहीत आहे, मध्ये बोलू नका.

एकतिसाव्या वर्षी रंगरावांचे गुडघे कुरकुरायला लागले. पाणवठ्याचा चढ चढताना ते तीनदा थांबले, आणि हे साऱ्या जंगलानं पाहिलं. जंगलात घबराट पसरली. मेल्यावर यांचं काय होईल याची काळजी कुणालाच नव्हती. निवडणूक लागेल, ही काळजी होती.

संस्थेची सचिव घोरपड होती. एकदा चिकटली की सुटायची नाही, म्हणून तिला सचिव केली होती. तिनं तातडीची सभा बोलावली आणि सभेपुढे निरंजन साळिंदराला उभं केलं. हा निरंजन शहरात राहून आलेला. तिथे संगणकाच्या एका दुकानामागच्या उकिरड्यात दोन वर्षं होता, त्यामुळे जंगलात त्याला तज्ज्ञ म्हणत. बोलता बोलता त्याच्या अंगावरचे काटे ताठ व्हायचे, आणि पहिल्या रांगेतले सभासद त्याचं म्हणणं लवकर मान्य करायचे.

त्यानं सगळं सोपं करून सांगितलं. देह म्हणजे नुसतं पोतं. खरा प्राणी म्हणजे त्याच्या आत भरलेली माहिती. पोतं फाटायच्या आधी माहिती दुसऱ्या पोत्यात ओतली की प्राणी मरतच नाही. आणि त्यानं एक चौकोनी काळी पेटी सर्वांना दाखवली. वरून ऊन पडलं की चालायची. नाव चिरंजीव.

एका म्हाताऱ्या सांबरानं विचारलं की पेटीला तहान लागते का. निरंजन म्हणाला, नाही. हे ऐकून सभेत आनंदाची लाट आली. अध्यक्षही राहणार आणि पाण्याच्या रांगेतला एक मोठं गिऱ्हाईकही कमी होणार. ठराव एकमतानं मंजूर झाला. सूचक चितळ, अनुमोदक रानडुक्कर. अशी जोडी त्या जंगलात पहिल्यांदाच जमली होती.

रंगराव घरी आले आणि ठराव झाल्याचं त्यांनी अक्कांना सांगितलं. अक्कांनी विचारलं, तुमच्या मनात काय आहे? रंगराव थोडा वेळ चघळत राहिले. मग म्हणाले, "सगळ्यांचं तसं म्हणणं आहे." अक्कांना दुसरं उत्तर अपेक्षितही नव्हतं. लग्नाच्या वेळी त्यांनी हाच प्रश्न विचारला होता, तेव्हाही हेच उत्तर मिळालं होतं.

मग पेटी भरायचं काम सुरू झालं. एकतीस वर्षांची इतिवृत्तं भरली. भाषणं भरली. सतरा दिवस निरंजन रंगरावांच्या पुढे बसून प्रश्न विचारत होता आणि आवाज टिपून घेत होता, अगदी घसा खाकरण्यासकट. आवडतं गवत कोणतं, असं विचारलं तर रंगराव म्हणाले, सभेला मान्य असेल ते. सर्वांत मोठं दुःख कोणतं, असं विचारलं तर म्हणाले, तसं काही विशेष नाही. निरंजननं अक्कांनाही विचारलं की नवरा म्हणून हे कसे आहेत. अक्का म्हणाल्या, बरे आहेत. त्यानं 'समाधानकारक' असं लिहून घेतलं.

अठराव्या दिवशी रंगराव गेले. जांभळाखाली बसले होते, एका सशाची तक्रार ऐकत होते, आणि ऐकता ऐकता मान टेकली. ससा बिचारा आणखी बराच वेळ बोलत होता. रंगराव एवढे शांतपणे ऐकतायत म्हणजे निकाल आपल्याच बाजूनं लागणार, असं त्याला वाटलं. देहाचं पुढचं काम गिधाडांनी रीतसर पार पाडलं. तो विभाग त्यांच्याकडे होता.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. घोरपडबाईंनी सवयीप्रमाणे शोकठराव वाचायला घेतला. एवढ्यात खडकावर ठेवलेल्या पेटीतून घसा खाकरल्याचा आवाज आला. अगदी तोच आवाज. चितळांची पोरं दचकून आयांच्या पोटाखाली गेली.

"हरकत आहे," पेटी म्हणाली. "सभासद हयात असताना त्याच्यावर शोकठराव मांडता येत नाही."

सभेनं टाळ्या वाजवल्या. शोकठराव रद्द केला. त्याच कागदाच्या पाठीवर अभिनंदनाचा ठराव लिहिला.

आता अक्कांचं काय झालं ते ऐका. अक्कांचा नवरा गेला होता. हे त्यांना चांगलंच कळत होतं, कारण जांभळाखालची जागा रिकामी होती आणि रात्री कुणी घोरत नव्हतं. पण डोळ्यांत पाणी आलं की शेजारणी म्हणायच्या, अक्का, भरल्या घरात रडू नये, शुभ बोलावं. भेटायला आलेल्यांना काय बोलावं ते कळायचं नाही. सांत्वन करावं तर माणूस हयात. अभिनंदन करावं तर अक्कांचं तोंड असं उतरलेलं. मग ते हवापाण्याचं बोलून उठून जायचे.

अक्कांना एकच भीती होती. आपला नवरा कुठेतरी मधेच अडकून पडलाय. धड इकडे नाही, धड तिकडे नाही. उपाशीतापाशी कुठेतरी उभा आहे आणि भिडस्तपणानं बोलत नाही. त्याचा दहावा व्हायला हवा, पिंडाला कावळा शिवायला हवा, तो सुटायला हवा. त्याशिवाय आपल्या घशाखाली घास उतरणार नाही. त्या शेजारणींना म्हणाल्या, निरंजनला म्हणाल्या, सचिवांनाही म्हणाल्या. निरंजन समजुतीनं म्हणाला, "काकू, ते गेलेतच कुठे? बोला की त्यांच्याशी."

म्हणून अक्का बोलायला गेल्या. दुपारी पाणवठ्यावर कुणी नसताना त्या पेटीपाशी बसल्या आणि विचारलं, बरं वाटतंय का? पेटी म्हणाली, सभासदांच्या सदिच्छांमुळे प्रकृती उत्तम आहे. अक्कांनी विचारलं, गुडघा दुखतो का अजून? पेटी म्हणाली, हा विषय आयत्या वेळच्या विषयांत घ्यावा. अक्का म्हणाल्या, मला करमत नाही हो. पेटीनं घसा खाकरला आणि म्हणाली, आपल्या भावनांची नोंद घेण्यात आली आहे.

तुम्ही हसताय. हसा. पण अक्का दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथे गेल्या, आणि तिसऱ्या दिवशीही. त्यांना ठाऊक होतं की आत कुणी नाही. पण तो आवाज त्यांच्या नवऱ्याचा होता, आणि त्यांच्याकडे आता त्याचं तेवढंच शिल्लक होतं. त्या काहीबाही विचारायच्या, आणि तो खाकरला की डोळे मिटून घ्यायच्या. एकदा हुंदका आवरला नाही, तेव्हा पेटी म्हणाली, "सभासदांनी शांतता राखावी."

त्या दिवशी अक्का उठल्या आणि सरळ एकाक्षगुरुजींकडे गेल्या.

एकाक्षगुरुजी म्हणजे कावळा. वडाच्या शेंड्यावर राहायचे. जंगलातल्या सगळ्या दहाव्यांचं काम त्यांच्याकडे वंशपरंपरेनं होतं. कुणी गेलं की दहाव्या दिवशी ओढ्याकाठी देवभाताचा पिंड ठेवायचा. हा भात ओढ्यात आपला आपण उगवतो. गेलेल्याच्या मनात काही राहिलं नसेल तर गुरुजी येऊन पिंडाला शिवायचे. काही राहिलं असेल तर झाडावरच बसून राहायचे. मग घरच्यांनी हात जोडून म्हणायचं, तुमच्या लेकीला आम्ही बघू, तुमचं बीळ आम्ही बुजू देणार नाही. नेमकं तेच राहिलं असेल तर गुरुजी लगेच खाली उतरायचे. एकदा का असं शिवलं, की दिलेला शब्द मोडायची छाती त्या जंगलात वाघाचीही नव्हती. गुरुजींना मेलेल्याच्या मनातलं कसं कळायचं, हे मला विचारू नका. मी त्यांना एकदा विचारलं होतं, तर ते उडून गेले.

अक्कांनी सगळं सांगितलं. गुरुजींनी मान तिरकी करून ऐकलं. मग म्हणाले की पिंड ठेवा, मी येतो. पण पंचाईत एक आहे. रंगराव हयात असतील तर मी शिवणार नाही. गेले असतील आणि काही मागे राहिलं असेल, तरीही शिवणार नाही. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. ते वेगळं कसं ओळखायचं, हे आमच्या वडिलांनी आम्हाला सांगितलं नाही, कारण त्यांच्या काळात मेलेली माणसं हरकती घेत नव्हती.

हो, त्यांनी माणसंच म्हटलं. तुमच्यापैकी कुणाचा तरी हात वर आलाय, पण कावळ्यांच्या बोलण्यात प्रत्येक प्राणी आपल्या लोकांपुरता माणूसच असतो. खाली करा हात.

बातमी घोरपडबाईंच्या कानावर गेली. हयात अध्यक्षांचा दहावा म्हणजे पद रिक्त झाल्याची कबुली. आधी त्या भडकल्या. मग त्यांना सुचलं की यातून आपलंच भलं होणार आहे. त्यांनी ठराव केला: दहाव्या दिवशी पिंड ठेवावा, सूर्य मावळेपर्यंत कावळा शिवला नाही तर अध्यक्ष कायमचे हयात समजावेत, आणि हा विषय पुन्हा कधीही कुणी उकरून काढू नये. पेटीचंही मत घेतलं. पेटी म्हणाली, माझी कोणतीही इच्छा प्रलंबित नाही, ठरावास पाठिंबा आहे.

म्हणजे बघा, अक्कांच्या हाती एकच दिवस होता.

दहावा दिवस उजाडला. ओढ्याकाठी सगळं जंगल जमलं. पिंड मांडला. शेजारी खडकावर पेटी मांडली. मयताला त्याच्याच दहाव्याला बसायला मानाची जागा मिळाल्याचं ते पहिलंच उदाहरण असावं. एकाक्षगुरुजी आले, समोरच्या करंजाच्या फांदीवर बसले आणि पिंडाकडे बघत राहिले.

पहिला प्रहर गेला. गुरुजी हलले नाहीत. चितळं आणि रानडुकरं एकमेकांकडे बघून माना डोलावत होती. घोरपडबाई इतिवृत्ताची जुळवाजुळव करत होत्या.

मात्र एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नव्हती. सबंध आयुष्य संस्थेत गेलं की असंच होतं. पाण्याचे नियम तोंडपाठ, आणि घरची रीत विसरलेली. रीत अशी होती की कावळा शिवेपर्यंत जमलेल्या कुणीही पाण्याला तोंड लावायचं नाही. आणि दिवस होते वैशाखाचे.

दुपार झाली. जिभा बाहेर आल्या. ओढा चार पावलांवर खळखळत होता, तोही जरा जास्तच. आता सूर्य मावळेपर्यंत थांबायचं म्हणजे निम्मं जंगल अध्यक्षांच्या पाठोपाठ जायचं. शेवटी एका जाड्या रानडुकरानं सर्वांआधी धीर सोडला. ते पिंडापुढे जाऊन म्हणालं, रंगराव, तुमच्या नावानं पाणवठ्यावर कमान उभारू. चितळांच्या पुढाऱ्याला हे सहन झालं नाही. तो म्हणाला, आम्ही दगडी कमान उभारू. मग सांबरांनी जयंती साजरी करायचा शब्द दिला. घोरपडबाईंना कावळा शिवायला नको होता, पण घशाला कोरड पडल्यावर त्यांनाही राहवलं नाही. आपल्या कार्याचा गौरवग्रंथ काढू, असं त्या हळूच म्हणून गेल्या.

गुरुजी जागचे हलले नाहीत. एकदा चोच फांदीला घासली, एवढंच.

तेव्हा निरंजन पुढे सरसावला. कावळा शिवत नसेल तर दर्भाचा कावळा करून शिववतात, अशी रीत आहेच, असं त्यानं कुठूनसं ऐकलं होतं. तो म्हणाला, आपण तसाच एक, पण जरा चांगल्या प्रतीचा, आपोआप उडणारा करू. दहा मिनिटांत काम होईल. तहानलेल्या सभेला ही कल्पना फार पसंत पडली. आधी पाणी पिऊ, ठरावाचं काय ते मावळतीला बघू, असं सगळे म्हणायला लागले.

आता अक्का निरंजनकडे वळल्या.

"नवरा पेटीतला, कावळा गवताचा," त्या म्हणाल्या. "मग रडायला एक लाकडाची बायकोही करून ठेव, म्हणजे मी घरी जाते."

निरंजनचे काटे खाली बसले.

मग अक्का पिंडापुढे बसल्या. त्यांना वाटलं, आपली काळजी लागून राहिली असेल. त्या म्हणाल्या, मी वेळेवर खाईन पिईन, माझ्याकडे बघायला शेजारपाजार आहे, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. गुरुजी एक फांदी खाली आले. पण तिथेच थांबले.

अक्कांनी पुन्हा विचार केला. म्हणाल्या, लग्नाच्या तेराव्या वर्षी मी तुमच्याशी चार महिने अबोला धरला होता, त्याचं माझ्या मनात काही नाही. गुरुजींनी नुसतं बघितलं. अक्का म्हणाल्या, तुमच्या आईला मी उलट बोलले होते, ते चुकलंच माझं. गुरुजी दुसरीकडे बघायला लागले, म्हणजे तेही नव्हतं.

सूर्य करंजाच्या खाली आला. अक्कांना आता नवऱ्याचा राग यायला लागला. काय हा माणूस. जन्मभर मनातलं बोलला नाही आणि आता मेल्यावर अडून बसलाय. असा राग फक्त आपल्या माणसाचाच येतो, हे तुम्हाला मोठं झाल्यावर कळेल.

तेवढ्यात मागे खडकापाशी गलका झाला. मावळल्यावर आधी पाणी कोण पिणार यावरून चितळं आणि रानडुकरं हमरीतुमरीवर आली होती, आणि रिवाजाप्रमाणे दोन्ही बाजू पेटीपुढे जाऊन उभ्या राहिल्या होत्या. पेटीनं घसा खाकरला.

"दोघांचंही म्हणणं रास्त आहे," पेटी म्हणाली.

अक्का तो आवाज ऐकत राहिल्या. समोर याचाच पिंड. मागे याच्याच आवाजात न्यायनिवाडा. स्वतःच्या दहाव्यालासुद्धा याला कुणी सोडत नाही. आणि इतके दिवस दुपारच्या वेळी याला उठवायला कोण जात होतं? आपणच जात होतो.

त्या उठल्या. पेटी तोंडात धरून उचलली आणि पिंडाच्या शेजारी आणून ठेवली. मग बोलायला लागल्या. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"अहो, ऐका. ही पेटी तुमच्या आवाजात बोलते, म्हणून मी हिच्यापाशी येऊन बसते. मला हा आवाज सोडवत नाही. पण तुम्हाला एकतीस वर्षं कुणी धड बसू दिलं नाही, आणि आता मीही देत नाहीये. आज ही मी बंद करते. यापुढे तुमच्या आवाजात कुणाचं भांडण सुटणार नाही. माझ्याशीसुद्धा कुणी बोलणार नाही. झालं तुमचं काम. पडा आता निवांत."

गुरुजी फांदीवरून उतरले. दोन उड्या मारून पिंडापाशी आले आणि शिवले. नुसते शिवले नाहीत, निम्मा पिंड खाऊन टाकला. त्यांनाही सकाळपासून काही मिळालं नव्हतं.

घोरपडबाई म्हणाल्या की अक्का सभासद नाहीत, तेव्हा त्यांचा शब्द संस्थेवर बंधनकारक नाही. पण ऐकायला होतं कोण? सगळं जंगल ओढ्यावर धावलं होतं. चितळं, रानडुकरं, सांबरं, ससे एकाच काठाला तोंड लावून घटाघटा पाणी पीत होते, आणि नंबर कुणाचा हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. पोट भरून पाणी प्यायल्यावर मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला आता अध्यक्ष नाही. पण कावळा शिवला होता. शब्द मोडायची कुणाची प्राज्ञा नव्हती.

इकडे अक्कांनी निरंजनला विचारलं, ही बंद कशी करायची? निरंजननं खालचं बटण दाखवलं. म्हणाला, काकू, दहा अंक मोजेपर्यंत दाबून धरावं लागतं. चुकून बंद होऊ नये म्हणून तशी सोय केलीय.

अक्कांनी खूर ठेवला. तीन मोजेपर्यंत पेटी गप्प होती. मग खाकरली. म्हणाली, सर्व उपस्थितांचे मी मनापासून आभार मानतो. म्हणाली, कुणाचं नाव अनवधानानं राहिलं असल्यास क्षमस्व. सातव्या अंकाला अक्कांनी डोळे मिटून घेतले, पण खूर उचलला नाही. पेटी म्हणाली, आणि यापुढे असेच सहकार्य, आणि मग काही बोलली नाही.

मग अक्का रडल्या. रडल्या म्हणजे हंबरल्या. दहा दिवसांचं साठलेलं होतं, पार डोंगरापलीकडे ऐकू गेलं म्हणतात. शेजारणी पाणी टाकून धावत आल्या आणि त्यांना बिलगून बसल्या. आता काय बोलायचं ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. संध्याकाळी अक्कांनी चार घास खाल्ले.

संस्थेची निवडणूक झाली. तीन शिंगं मोडली, एक सुळा गेला, आणि जो निवडून आला त्याचं नाव आजही निम्मं जंगल घेत नाही. दर वर्षी अविश्वासाचा ठराव येतो. घोरपडबाई अजून सचिव आहेत.

निरंजननं हार मानली नाही. त्यानं आपल्या यंत्राची सुधारित आवृत्ती आणली. पहिल्यात फक्त बोललेलं भरलं होतं, म्हणून घोळ झाला. आता न बोललेलंही भरून घेऊ, असं त्यानं जाहीर केलं. इच्छुकांची रांग पाणवठ्यापासून वडापर्यंत लागली. प्रत्येकाला एकेक अर्ज दिला. अर्जाच्या शेवटी रकाना होता: 'मनात असलेलं, पण कुणालाही न सांगितलेलं.' सगळ्या अर्जदारांच्या बायका त्यांच्या खांद्यावरून डोकावून बघत होत्या. आणि सगळ्या अर्जदारांनी त्या रकान्यात एकच शब्द लिहिला: 'निरंक'.

तात्पर्य : ज्याला अमर व्हायचे आहे त्याने यंत्राची फार चिकित्सा करत बसू नये, कुठलेही चालते. मात्र आपल्याला नीट ओळखणारे एकही माणूस घरात शिल्लक ठेवू नये. ते आपल्याला सुखाने मरू दिल्याशिवाय राहत नाही.